पालथा तांब्या आणि आतली कडी

आमच्या घरात एक पालथा तांब्या आहे. स्टीलचा. त्याच्यावर पालथा ग्लास, ग्लासवर वाटी. मागच्या खोलीत लोखंडी पेटीवर ही उतरंड असते आणि तिला कुणी हात लावायचा नाही. मी नांदेडहून लग्न होऊन लातूरला आले तेव्हा वाटलं, काहीतरी देवाचं असेल. नमस्कारसुद्धा केला! सासूबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला.

"अगं येडे, देव न्हाई ते, भोंगा हाय!"

जमीन हलली की आधी वाटी पडणार, आणि वाटी पडली की बाहेर पळायचं. मागं बघायचं नाही, चप्पल शोधायची नाही. आत्याबाईंचा (आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात) हा पहिला नियम. दुसरा नियम, दाराला आतून कडी लावायची नाही. गावाकडच्या घरातल्या सगळ्या कड्या त्यांनी काढून टाकल्यात, न्हाणीला नुसता पडदा. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात त्यांची धाकटी बहीण गेली, एवढंच मला माहीत होतं. कशी गेली ते कुणी विचारायचं नाही.

तर आमची मोठी तेव्हा चार वर्षांची आणि बारका दहा महिन्यांचा. नवरा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो म्हणून आम्ही क्लासच्याच गल्लीत खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आधी तिथं नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं राहायची. भिंतीवर पेनानं लिहिलेली सूत्रं होती, आणि मागच्या खोलीच्या दाराला आतून चांगली जाड कडी होती. आत्याबाईंनी त्याच खोलीत पेटीवर उतरंड मांडली, आणि आल्या दिवसापासून त्या मागं लागलेल्या, "ती कडी काढ गं."

मी म्हणायचे, "हाव, काढते." पेचकस सापडत नव्हता. खरं सांगू का, मी शोधतच नव्हते. मला वाटायचं, इतक्या वर्षांपूर्वीचं भ्या ते, आपण किती दिवस जपायचं?

त्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला नळाला पाणी आलं. लातूरचं पाणी म्हणजे आठ-दहा दिवसांनी दर्शन देणार, त्यामुळं "आलं आलं" ऐकू आलं की हातातलं टाकून पळायचं. बारका मागच्या खोलीत झोपलेला. मोठी त्याच्याजवळ पाटी घेऊन बसलेली. मी अंगणात पिंप भरून राहिले, आत्याबाई पाईप धरून. पाचच मिनिटं. परत आले तर मागच्या खोलीचं दार बंद.

ढकललं. हललं नाही. आतून मोठीचा आवाज, अगदी तिच्या पप्पांसारखा, "सायलेन्स! पेपर चालू आहे!"

मला आधी हसूच आलं. "मॅडम, दार उघडा की."

"नाही. पेपर चालू असल्यावर कुणी आत येत नसतं. बाळ पेपर देतोय."

"बाळ झोपलाय ना?"

"उठला. त्याला काहीच येत नाही."

मी हसतच म्हटलं, बास झालं आता, कडी काढ. ती निळ्या स्टुलावर चढून कडी काढायला लागली. खट, खट. मग थांबली. "मम्मी, निघत नाही."

"जोर लाव." मी बाहेरून खांद्यानं दार ढकलायला लागले. "लाव जोर, मी पण लावते."

"निघतच नाही!" आता तिचा आवाज बदलला. खिडकीकडं धावले तर खिडकीत कूलर बसवलेला, आतलं काही दिसेना. नवऱ्याला फोन लावला, बंद. क्लास चालू असला की मोबाईल बंदच असतो त्याचा. परत दाराशी आले, परत ढकललं. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. कूलरची वायर. प्लगचं भोक. बारका आता काहीही धरून उभा राहतो. स्टूल एका बाजूला कलंडतं.

आणि तेवढ्यात आत ठण्ण! ग्लास, तांब्या, वाटी, सगळं फरशीवर.

आणि मी पळाले.

दाराकडं पाठ करून, पुढच्या खोलीतून, उंबरा ओलांडून, थेट अंगणात. पायात चप्पल नाही, मागं बघितलं नाही. बरोबर शिकवल्यासारखी. पिंपापाशी पोचले तेव्हा कळलं की पिंपातलं पाणी हलत नाहीये. काहीच हलत नाहीये. वरच्या मजल्यावर पोरं आरामात पाठ करून राहिली. आणि माझी दोन्ही लेकरं आत आहेत.

मी सात-आठ पावलंच पळाले असेन, पण पळाले.

आत्याबाई उलट्या दिशेनं, आत गेल्या होत्या. मी परत आले तर त्या दाराच्या फटीशी पालथ्या पडलेल्या, गाल फरशीला लावून. आत मोठी किंचाळून राहिली, "आज्जी भूकंप! आज्जी वाटी पडली! दार उघड!" बारक्याचा आवाज नाही. अजिबात नाही. मला त्या किंचाळण्यापेक्षा ते जास्त भयंकर वाटत होतं. मी परत खांदा लावला दाराला.

"ढकलू नको!" आत्याबाई अशा ओरडल्या की मी जागीच थिजले. "ओढ! हँडल धर अन् आपल्याकडं ओढ! ढकललं की कडी गच्च बसती."

मी दोन्ही हातांनी ओढून धरलं.

"माझे बाई," त्या फटीतून बोलायला लागल्या, आवाज एकदम मऊ, "भूकंप न्हाई आला. तुझ्या भावानं वाटी पाडली. काय करून राहिलाय तो?"

आतून हुंदके. "वाटी... चाटतोय."

मी हँडल सोडलं नाही.

"चाटू दे. तुझा पेपर संपला बघ. घंटा देऊ का?" त्यांनी हातातल्या बांगड्या दारावर वाजवल्या. "टण टण टण. आता कडी हळू सरकव. आईनं दार धरलंय."

खट्. सरकली.

दार उघडलं. स्टूल बाजूला सारून मोठी माझ्या अंगावर पडली. बारका पेटीपाशी बसून वाटीआडून माझ्याकडं बघत होता, हसत. मी दोघांना एवढं आवळलं की दोघंही रडले.

आत्याबाई उठल्याच नाहीत. फरशीवर बसून राहिल्या आणि दाराशीच बोलल्यासारखं बोलल्या, "मी त्या दिवशी ढकलत होते."

मला कळलं नाही आधी.

"गणपती विसर्जनाची रात्र होती. गल्लीत पोरांचा धिंगाणा, म्हणून कडी लावून घे असं मीच सांगितलं धाकटीला. मी मायजवळ अंगणात झोपलेली. हललं तशी दाराशी आले. ती आतून म्हणून राहिली, अक्का, कडी निघत न्हाई. मी ढकलत राहिले. जेवढा जीव होता तेवढ्यानं ढकललं. मग भिंत आली. ओढायचं असतंय, हे मला नंतर कळलं. आपल्या गावच्या घराच्या कड्या काढताना."

पाणी बाहेर पिंपावरून वाहून चाललं होतं, कुणी बंद केलं नाही.

मी म्हणाले, "आत्याबाई, मी पळाले. वाटी पडली तशी मी पळाले."

"दिसलं मला," त्या म्हणाल्या. मी वाट बघत राहिले, पुढं काहीतरी म्हणतील म्हणून. रागावतील, नाहीतर असू दे म्हणतील. त्या म्हणाल्या, "पेचकस बघ."

पिठाच्या डब्याखालीच होता. मी स्वतः काढली कडी, चार स्क्रू, पेचकस दोनदा निसटला. त्या दारात उभं राहून बघत होत्या. मग त्यांनी तांब्या उचलला, पुसला, आणि माझ्या हातात दिला.

मी पेटीवर पालथा घातला. वर ग्लास. वर वाटी. वाटीला बारक्याची लाळ तशीच होती.

"आता पडली तर?" मोठीनं विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"आधी बाळाला उचलायचं," मी म्हणाले. "मग पळायचं."

नियम बदलला तो एवढाच. मी तो रोज मोठीला विचारते आणि ती बरोबर सांगते. ती चुकेल याची भीती मला वाटत नाही. स्वयंपाकघरात पेला जरी पडला ना, तरी मी आधी माझ्या पायांकडं बघते, कुठं निघालेत ते.