अत्तर घातलेले हौद

आमच्या सूनबाईचा ॲप्रन मी घरातल्या कपड्यांत कधी मिसळू दिला नाही. त्याची बादली वेगळी, दोरी वेगळी. एकदाच चुकून मिसळला, तर मुलगा ऑफिसात जाऊन बसल्याबरोबर शेजारच्या टेबलावरचा माणूस खुर्ची उचलून खिडकीपाशी गेला. फॉर्मॅलिनचा वास तसा असतो. नाकात शिरतो आणि डोळ्यांतून बाहेर पडतो. मेलेलं जनावर कुजू नये म्हणून ज्या औषधात बुडवून ठेवतात ते फॉर्मॅलिन. माझी सून विद्यापीठात शिकवते. जनावरांचे डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना त्या औषधाच्या हौदातून गाय, घोडा बाहेर काढून आतलं सगळं दाखवायचं, कुठली नस कुठे जाते ते बोट ठेवून सांगायचं, हे तिचं काम.

लग्न ठरलं तेव्हा सून प्राध्यापक म्हणून मी सगळ्या शेजारणींपुढे मिरवून घेतलं. कशाची प्राध्यापक, ते लग्नानंतर कळलं.

"अगं, मेलेली गाय?" मी विचारलं.

"जिवंत गाय उघडू देत नाही ना, आई," ती म्हणाली आणि पोळीचा घास तोंडात टाकला. खाण्यापिण्याचं तिचं कधी काही अडलं नाही. दिवसभर त्या हौदांत हात घालून आली तरी घरी पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न, "आई, खायला काय आहे?" मला बाई तिच्याकडे बघूनच घास गिळवत नसे. पण माणूस म्हणून लाखात एक. हसायची तर भांडी वाजल्यासारखी. भाजी चिरायला बसली की घेवड्याच्या शेंगेची शीर अशी सोडवायची की माझी सगळी वर्षं चुलीपुढे फुकट गेली असं वाटावं.

पुढे पुढे हसताना खोकला यायला लागला. डोळे सदा लाल, जसं काही कुणी रडवलंय. नात जरा मोठी झाली तसं तिला कळायला लागलं. आई दारात आली की ही धावत जायची आणि दोन हातांवर थबकायची. "आधी आंघोळ!" म्हणायची. सून हसत न्हाणीघरात जायची. दार लागलं की हसू थांबायचं, ते मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं.

डॉक्टर म्हणाले, काम बदला. ती म्हणाली, "काम कशाला बदलू? औषध बदलीन."

मग तिनं मला समजावून सांगितलं. परदेशात एक पद्धत आहे. अवयवातलं पाणी नि चरबी काढून घ्यायची आणि त्या जागी दुसरं एक रसायन मुरवायचं. मग घोड्याचं काळीज कोरडं ठणठणीत. टेबलावर ठेवा, पोरांच्या हातात द्या, वर्षानुवर्षं तसंच. वास म्हणून नाही. पण ते पुस्तकात वाचून येत नाही, हाताखाली शिकावं लागतं. आणि ते शिकायला जायची एक वाट होती. विद्यापीठाची परदेशातल्या एका विद्यापीठाशी अदलाबदल होती. इथला एक शिक्षक तिकडे काही महिने शिकायला जाणार, तिकडचा एक इकडे येणार. त्याला फेलोशिप म्हणतात. दर वर्षी वेगळ्या विभागाची पाळी. यंदा पाळी सुनेच्या विभागाची होती, आणि तिकडून येणारी बाई त्या कोरड्या काळजांमधलीच जाणकार. आधी ती येणार, सगळ्यांचं काम बघणार आणि कुणाला पाठवावं ते सुचवणार. घरात तेवढे दिवस दुसरा विषय नव्हता. मुलगा म्हणायचा, "तू जा, पोरीला आम्ही बघू." नात म्हणायची, "मग आंघोळीच्या आधी पण मिठी?" "आंघोळीच्या आधी पण," सून म्हणायची.

आता त्यांच्या विभागप्रमुखांविषयी सांगते. आमच्या घरात त्यांचं नाव अत्तरवाले. माणूस वळणावर असला तर अत्तर आधी यायचं. जनावरांच्या शरीराचा विभाग चालवणारा हा गृहस्थ हौदांच्या खोलीत वर्षानुवर्षं गेला नव्हता. त्यांना सोसत नसे म्हणे. पण माझ्या सुनेनं शोधनिबंध लिहिला की वर पहिलं नाव त्यांचं. मी विचारलं, "त्यांनी काय केलं त्यात?" तर म्हणाली, "सही." परदेशात कुठे परिषद असली की हे आधी जाऊन यायचे आणि आले की सगळ्यांना बसवून फोटो दाखवायचे. हे पुतळ्याशेजारी, हे कारंज्याशेजारी, हे विमानतळावर सरबत पिताना. तिथे कुणाला भेटले, काय शिकले, ते त्या फोटोत कधी सापडलं नाही.

पाहुणी यायच्या आधल्या आठवड्यात या साहेबांनी सुनेला बोलावलं.

"मॅडम, त्या हौदांचं काहीतरी करा. पाहुणीला असा वास? लाज वाटते."

"सर, त्या बाई आयुष्यभर हेच करतायत. त्यांना हा वास ओळखीचा आहे."

"ते बाहेरच्या लोकांचं मला सांगू नका. हौद उपसा, स्वच्छ पाणी भरा. वर काहीतरी सुवासिक टाका. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सर, परवाच घातलेली गाय आहे त्यात. आतपर्यंत औषध मुरलेलं नाही. पाण्यात ठेवली तर कुजेल."

"बघू," ते म्हणाले. सुनेला वाटलं विषय संपला.

सुट्टीच्या दिवशी साहेबांनी हौदांवरच्या मदतनिसाला बोलावून घेतलं आणि सगळे हौद उपसायला लावले. औषध गेलं गटारात. नळाचं पाणी भरलं, वरून गुलाबाच्या वासाचं काहीबाही ओतलं, झाकणं लावली, आणि झाकणांवर फुलदाण्या ठेवल्या. हो, फुलदाण्या. मेलेल्या गाईच्या डोक्यावर. ऊन मी म्हणत होतं आणि खिडक्या बंद.

सुट्टी संपली आणि पाहुणी आली. म्हातारीच होती, माझ्यापेक्षा थोडी लहान, पायात सपाट बूट. साहेबांनी हातभर भाषण केलं आणि तिला थेट हौदांच्या खोलीत नेलं. वर्षानुवर्षांनी स्वतः आत गेले, कारण आता तिथे गुलाब होते ना. सगळा विभाग मागे रांगेत. सून सांगते, दार उघडलं तेव्हाच तिला कळलं. फॉर्मॅलिनचा वास नाही, गुलाबाचाही नाही. गोड. घशाशी येणारा गोड. साहेबांनी फुलदाणी उचलून मदतनिसाच्या हातात दिली आणि हसतमुखानं झाकण सरकवलं.

पुढचं मी लिहीत नाही, कुणी जेवायला बसलं असेल. एवढंच सांगते की रांगेतले दोघे बाहेर पळाले, आणि साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले ते बराच वेळ वळलेच नाहीत. पाहुणी मात्र हलली नाही. तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कोण सांभाळतं?"

भिंतीकडून रुमालातून आवाज आला, "या मॅडम."

आणि बोट माझ्या सुनेकडे.

सून म्हणाली, "सर, तुम्हीच उपसायला सांगितलंत."

साहेब पाहुणीकडे बघून असे हसले, जसं घरातल्या नादान पोराबद्दल हसावं. "मॅडम फार थकल्यात हल्ली. तब्येत बरी नसते."

तिथे सगळे होते. मदतनीस तर स्वतः पाणी भरून मोकळा झाला होता, पण तो रोजंदारीवरचा, उद्या घरी बसवतील. त्याला मी एक वेळ सोडते. बाकीचे? सुनेच्या डब्यातलं खाऊन बोटं चाटणारे, तिला आपले तास घ्यायला लावणारे? एकेक जण आपल्या बुटाकडे बघत होता, जसं काही बूट आत्ताच विकत आणलेत. त्या कुजक्या पाण्याची मला एवढी किळस आली नाही जेवढी त्या बुटांची आली. गाय बिचारी मेल्यावर कुजली.

पाहुणीनं कुणाचं खरं मानायचं? ती परकी. सुनेविषयी ती काही वाईट बोलली नाही, पण चांगलंही सुचवलं नाही. आणि मग निवड समितीत साहेबांनीच सुचवलं की अशा परिस्थितीत कुणीतरी जबाबदार माणसानं जायला हवं. जबाबदार माणूस कोण, ते तुम्हीच ओळखा.

गेले. आणि आमची सून हौद धुवायला उभी राहिली. त्या आठवड्यात मी ॲप्रन धुतला नाही, जाळला.

साहेब तिकडे असताना एका दुपारी त्या पाहुणीचा फोन आला, तोंड दिसतं तसला. मी भाजी निवडत होते. सून बोलत होती तिकडच्या भाषेत, मला एक अक्षर कळत नव्हतं, पण सुनेचा चेहरा कळत होता. फोन ठेवल्यावर ती टेबलावर डोकं टेकून बसली.

"काय झालं गं?"

"आई, साहेबांनी तिकडेही तेच केलं. प्रयोगशाळेत जात नाहीत. एकदा गेले आणि खिशातून बाटली काढून सगळीकडे फवारलं. त्या बाईंना तेव्हा कळलं, हौदांत गुलाब कुणी टाकले ते. माफी मागत होत्या. म्हणाल्या, मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं."

"मग आता तुला बोलावतील?"

"फेलोशिप गेली. विभागाची पाळी परत कधी येईल कोण जाणे. पण त्या म्हणाल्या, तशीच ये. बिनपगारी रजा काढ, राहायला माझ्या घरात खोली आहे, मी शिकवते." मग जरा खोकून म्हणाली, "रजेवर सही साहेबांची लागते."

साहेब परत आले आणि आठवड्याच्या आत आमच्या दारात. हातात चॉकलेटचा डबा. मी दार उघडलं.

"आजी, ओळखलंत का?"

"जिन्यात होतात तेव्हाच," मी म्हटलं.

बसले. पाणी प्याले. नातीच्या गालाला हात लावायला गेले, ती माझ्या मागे लपली. मग सुनेला म्हणाले, "मॅडम, एक छोटंसं काम होतं. फेलोशिपचा अहवाल द्यायचाय, काय शिकलो, इथे कसं राबवणार वगैरे. तुमचा या विषयातला अभ्यास मोठा. तुम्ही लिहिलंत तर बरं पडेल." थोडं थांबून, डबा तिच्याकडे सरकवून म्हणाले, "आणि तुमची ती रजा. तीही बघून टाकू लगेच."

माणूस एवढा स्वच्छ दिसावा आणि त्याच्या तोंडून हे यावं! मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिकडे शिकायला गेला होतात ना? मग हात दुखतो का लिहायला?"

"आई," सून म्हणाली. तेवढंच. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "लिहीन. आधी सही."

मी आत निघून गेले. मला तिथे बसवेना.

ते गेल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. "अगं, तुझ्यावर खापर फोडलं त्यानं चारचौघांत! त्याच्या नावानं तू लिहिणार? एक लाथ मारून हाकलायचं सोडून?"

ती शांतपणे डबा कचऱ्याच्या टोपलीत टाकत होती. "आई, वर्षानुवर्षं त्यांचं नाव वर लिहितेच आहे मी. फुकट लिहिलं. या वेळी काहीतरी मिळतंय."

"किळस नाही येत तुला?"

"येते ना. पण मला किळस घेऊनच काम करायची सवय आहे." आणि खोकली.

तिनं अहवाल लिहिला, आणि चांगला लिहिला, तेच तर मला सहन होत नाही. तो वाचून विद्यापीठानं साहेबांचा सत्कार केला. गुच्छ दिला, टाळ्या वाजल्या. बूट बघणारे सगळे पहिल्या रांगेत. मुलाला आमंत्रण होतं, तो गेला नाही. मी मात्र खोलीतल्या उशांचे अभ्रे काढून सुनेच्या बादलीत भिजवले, कारण साहेब टेकून बसले होते त्या उशीचा गुलाब काही केल्या जाईना. फॉर्मॅलिन निघतं हो धुतल्यावर.

सून आता तिकडे आहे. परवा फोनवर तिनं घोड्याचं काळीज दाखवलं, तळहातावर धरून. खडखडीत कोरडं, लाकडासारखं. नात फोनला नाक लावून म्हणाली, "वास येतो?"

"काही येत नाही," सून म्हणाली, आणि हसली. मी कान देऊन होते. सबंध हसली, मधे खोकला आला नाही.

मग मला म्हणाली, "आई, अजून रागावलात?"

"तुझ्यावर नाही," मी म्हटलं. "तू लवकर ये. आणि आलीस की त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नकोस. माझ्याच्याने आता अभ्रे धुववत नाहीत."