टेगवेन प्यूची बैलजोडी

मी छत्तीस वर्षं गुरांचा लिलाव पुकारला. त्यात एकच दिवस असा गेला की रिंगणात जनावरं उभी आहेत, कठड्याभोवती शंभरेक माणसं आहेत आणि बोली लावायला कुणी तोंड उघडत नाही. १९९६च्या मार्चमधला शेवटचा शुक्रवार होता तो. नऊ दिवसांपूर्वी लंडनला मंत्र्यांनी सांगितलं होतं की गुरांचा तो मेंदूचा रोग बहुधा माणसांनाही होतो. त्या आठवड्यात युरोपानं आमचं मांस घेणं बंद केलं. तीस महिन्यांहून मोठं जनावर यापुढे कुणाच्या ताटात जायचं नाही, असाही हुकूम निघाला.

रिंगणात उभे होते ते टेगवेन प्यूचे सहा बैल. टेगवेन तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. वडील गेल्यापासून आमच्या ट्रेगॅरन गावाच्या वरच्या डोंगरावर एकटीनं शेत सांभाळायची. डोक्यावर वडिलांचीच टोपी, आणि चर्चमध्ये कुणी चुकीचा सूर लावला की सगळ्यात आधी हसायची ती. तिच्या गुरांनी गवत आणि सुक्या वैरणीपलीकडे जन्मात काही खाल्लं नव्हतं. रोग पसरला तो कारखान्यातल्या खाद्यातून. त्याचं पोतंसुद्धा तिच्या गोठ्यात कधी आलं नव्हतं. पण आमची ही काळी डोंगरी गुरं सावकाश भरतात. तीस महिन्यांत ती जेमतेम अंग धरतात. तिचे सहाही बैल नुकतेच तीस महिन्यांचे झाले होते.

मी तीनदा पुकारलं. कुणीतरी खोकलं, तेवढंच.

"राहू दे, गेथिन," टेगवेन म्हणाली. "घसा बसेल तुझा. चला रे पोरांनो, घरी."

मे महिन्यात सरकारी ट्रक आला. भरपाई मिळणार होती, जनावरं जाळली जाणार होती. मी मदतीला गेलो होतो. चार बैल निमूट ट्रकच्या फळीवरून चढले. टेगवेन प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत होती. उरलेले दोघे मात्र फळीपर्यंत आलेच नाहीत. कुंपणाची फट शोधून ते परसात शिरले आणि तिचे कोबी खायला लागले. एकाचं नाव कॅप्टन. दुसरा डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी; तसंच सदा गंभीर तोंड, म्हणून ते नाव. त्या तोंडातून कोबीचं पान लोंबत होतं.

ट्रकचा ड्रायव्हर हसत सुटला. टेगवेनलाही हसू आवरेना. हसता हसता ती मातीत बसली, रडली, आणि उठून ट्रकची फळी स्वतः वर केली.

"हे दोघं राहतील," ती म्हणाली.

"बाई, राहतील ते खरं, पण विकता येणार नाहीत," ड्रायव्हर म्हणाला. "खाताही येणार नाहीत. करणार काय त्यांचं?"

"कामाला लावीन. फुकट कोण पोसतं?"

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण दुसऱ्याच दिवशी ती इद्वालकाकांच्या दारात हजर. इद्वालकाका म्हणजे आमच्याकडचे सुतार, वय ब्याऐंशी. आमच्या डोंगरात बैलांनी नांगर ओढणं बंद होऊन शंभर वर्षं उलटली होती, पण काकांच्या माळ्यावर त्यांच्या आजोबांचं जू अजून पडून होतं. काकांनी ते खाली काढलं, किडकं लाकूड तासून टाकलं आणि नवं जोडलं.

"जू झालं," काका म्हणाले. "आता गाणारा माणूस हवा."

"गाणारा कशाला?" मी विचारलं.

"आमचे आजोबा सांगायचे, बैलांच्या पुढे एक जण उलट्या पावलांनी चालतो आणि गात राहतो. गाणं थांबलं की बैल थांबले. नांगराचं रुमणं धरणारा मागे, गाणारा पुढे."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. बाजार बंद पडल्यापासून मी घरी बसून बायकोचं डोकं खात होतो, हे गावाला ठाऊक होतं.

"मला गाता येत नाही," मी म्हणालो.

"ते माहीत आहे," टेगवेन म्हणाली. "पण आवाज तर आहे ना? तोही गंजून जाईल घरात बसून."

उन्हाळाभर मी त्या दोन बैलांपुढे उलटा चाललो. चर्चची भजनं गायली, तर कॅप्टन उभ्या उभ्या पेंगला. शाळेतली गाणी गायली, तर डीकन गवताकडे वळला. दोनदा मी खड्ड्यात पडलो. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा संतापाच्या भरात जिभेवर होतं तेच बाहेर आलं. माझी लिलावाची पुकार. "बोला, बोला, कोण देतो, पुढची बोली कुणाची, बघा ही पाठ, बघा हे खांदे, बोला..." आणि बैल चालायला लागले. दोघे एकसाथ, मान खाली घालून, जसे काही जन्मापासून औत ओढत आलेत.

मागून टेगवेन ओरडली, "थांबू नकोस, गेथिन. विक त्यांना."

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिनं नांगरणीच्या स्पर्धेत नाव दिलं. मैदानात सतरा ट्रॅक्टर, दोन घोडेवाले आणि आम्ही. लोक आधी फिदीफिदी हसले. दीड वर्षात आमच्याकडे हसणं जवळजवळ बंदच झालं होतं. शेतकरी भेटले की हवेबद्दल बोलायचे आणि घरी जायचे. मी पुकारायला सुरुवात केली, नांगर मातीत रुतला, आणि कडेच्या गर्दीतून आवाज आला, "दोन कोंबड्या."

मी सवयीनं बोट दाखवलं. "दोन कोंबड्या या साहेबांच्या. पुढे बोला."

"तीन कोंबड्या आणि एक बदक."

"माझी सासू," तिसरा म्हणाला. त्याची सासू शेजारीच उभी होती. तिनं त्याच्या पाठीत छत्री हाणली आणि वर म्हणाली, "माझा जावई. चालता-फिरता आहे, दात शाबूत आहेत."

नांगराच्या तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोल्या चालल्या. ज्यांनी त्या शुक्रवारी तोंड उघडलं नव्हतं तेच हे लोक. शेवटी हसण्यापुढे माझ्याच्यानं पुकारवेना. मी गप्प झालो तसे बैलही थांबले. तास नागमोडी आलं होतं. परीक्षकांनी आम्हाला शेवटचा नंबर दिला. टेगवेननं टोपी काढून त्यांना सलाम केला.

त्यानंतर शाळांच्या सहली यायला लागल्या. दूरदूरची माणसं बैल जुंपायला शिकायला आली. आलेला माणूस तिच्या गाई बघायचा, काय खातात विचारायचा. एक-दोन खाटिकही येऊन बघून गेले आणि तिची तीस महिन्यांच्या आतली कोवळी जनावरं थेट नेऊ लागले. त्यावर तिचा कळप टिकला. आमच्या भागातले कितीतरी कळप टिकले नाहीत, हेही खरं आहे.

नवा कायदा आला तेव्हा प्रत्येक वासराचा पासपोर्ट, म्हणजे जन्माची नि आईची नोंद असलेला सरकारी कागद, काढावा लागे. टेगवेन तो वासराला वाचून दाखवायची. "आईचं नाव बरोबर आहे ना बघ, नाहीतर परत पाठवते."

तीस महिन्यांची अट दोन हजार पाच संपता संपता उठली. पुढच्या मे महिन्यात जिवंत गुरं पुन्हा समुद्रापार जायला मोकळी झाली. आमच्या बाजारात बेल्जियमचा एक पैदासकार आला, उंच, लाजाळू, डेक्लर्क नावाचा. त्यानं टेगवेनच्या चार कालवडी हेरल्या. मी पुकारत होतो. आमच्याच गावातले दोघे त्याच्याविरुद्ध ईर्षेनं बोली चढवत होते. हातोडा पडला आणि कालवडी डेक्लर्कच्या झाल्या, तेव्हा कठड्याभोवती सगळे टाळ्या वाजवायला लागले. गुरांच्या लिलावात टाळ्या वाजवायची रीत नाही आमच्याकडे.

टेगवेननं डेक्लर्कचा हात इतका वेळ धरून ठेवला की तो गोरामोरा झाला.

"यांना सकाळी बोलायला लागतं कुणीतरी," तिनं त्याला सांगितलं. "काहीही बोल. तुझ्या भाषेत चालेल."

दुपारी तिनं सगळ्यांना घरी जेवायला नेलं. मोठ्या पातेल्यात कंदभाज्या आणि हाडासकट मांस सकाळपासून शिजत होतं, तिच्याच कळपातलं, पुऱ्या तीन वर्षांचं. दहा वर्षांत ती चव कुणी घेतली नव्हती. डेक्लर्कनं पहिला घास घेतला, भराभर ताट रिकामं केलं आणि पुढे केलं.

"अजून वाढ त्याला," टेगवेन मला म्हणाली. "आणि तूही बस की आता. सकाळपासून उभा आहेस."