आंटी, फौज मत भेजना

मुलगी बांगलादेशात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिथले विद्यार्थी सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, इंटरनेट बंद पडलं आणि इकडे आपल्या देशात, फ्रीगंजच्या आमच्या घरात, दिवसभर टीव्ही चालू राहू लागला. तिचा फोन लागत नव्हता. शाळेत वर्गावर शिकवतानाही मी मोबाइल हातात धरून उभी असायची.

टीव्हीवर कुणी म्हणायचं, हा त्यांचा घरचा मामला आहे. कुणी म्हणायचं, आपण मध्ये पडलं पाहिजे. आमचे हे दुसऱ्या बाजूचे. "फौज पाठवून द्यायला पाहिजे, बस! आपली पोरं अडकलीत तिथं." खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.

एका दुपारी हॉस्टेलच्या लँडलाइनवरून तिचा फोन आला. आवाज दबका. "आई, मी ठीक आहे. पण बाबांना सांग, फोनवर फौजेचं वगैरे काही बोलू नका. आपल्याकडचा कुणी नेता टीव्हीवर काही बोलला की इथं सगळ्या माझ्याकडे बघतात."

तेवढ्यात तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं फोन घेतला. ती तिथलीच, रोज मोर्चात जाणारी. तिचं हिंदी सिरियल बघून शिकलेलं. "आंटी, टेन्शन मत लो. आपकी बेटी हमारे पास है. लेकिन फौज मत भेजना. फिर सब बोलेगा, हम लोग इंडिया का आदमी है. जो मर गया, वो मुफ्त में मर गया."

जशी काही फौज माझ्याच हुकमाची वाट बघत होती! "नहीं भेजेंगे, बेटा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिनंच पुढे मुलीला सीमेकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं. मुलगी घरी आली, पण घास उतरेना. मैत्रिणीचा फोन बंद होता. एका संध्याकाळी मुलीनं विचारलं, "बाबा, बाहेरून कुणीच काही करू शकत नाही का?" एरवी टीव्हीशी भांडणारा हा माणूस चपला घालून नदीवर, राम घाटाकडे निघून गेला.

मग तिथलं सरकार पडलं. मैत्रिणीचा मेसेज आला. ती ठीक होती, पण गोळीबारात तिच्या भावाचा एक डोळा गेला होता.

मुलगी आता पुन्हा तिकडे शिकते आहे. दोन देशांचं बिनसल्याची बातमी लागली की मी आधी तिला फोन लावते, मग बातमी ऐकते.