दोन्ही कान उत्तम

शेजारचे शंकरकाका तोफखान्यात हवालदार होते. तोफांशेजारी राहून कान गेले. पण अपंगत्वाचं पेन्शन मागितलं, तर उत्तर आलं, ‘बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही.’ काकांनी अपील केलं. सुनावणीला काकूंबरोबर मीही गेलो.

न्यायाधीशांनी फाईल चाळून भरतीच्या वेळचा पिवळा पडलेला कागद वर काढला. त्यावर लष्करी डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘दोन्ही कान उत्तम.’

“घेताना कान चांगले होते,” ते सरकारी वकिलांना म्हणाले. “मग ते नोकरीमुळे बिघडले नाहीत, हे तुम्ही दाखवायचं. काही आहे का?”

वकिलांकडे काहीच नव्हतं. अपील मंजूर झालं.

मला मोठी मौज वाटली. भरतीच्या रांगेत उघड्या अंगानं उभ्या असलेल्या एका पोराची तब्येत कुणीतरी नीट लिहून ठेवली होती, आणि आज तोच पोरगा म्हाताऱ्या काकांच्या बाजूनं साक्ष देऊन गेला. आपण तरुणपणी कसे होतो, हे सांगणारा एवढा भरवशाचा माणूस किती जणांना मिळतो?

काकांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. “काय म्हणाले?” त्यांनी भर कोर्टात खणखणीत आवाजात विचारलं.

काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या, “तुमचं खरं आहे म्हणाले.”

न्यायाधीशही हसले. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, “ते मला ठाऊकच आहे. यांना पटलं का, ते सांग.”