सुपडूच्या नाडीची गाठ

सांगा बरं, तुमच्या पायजम्याची नाडी कोण बांधतं? हसू नका. बुऱ्हाणपूरच्या सुपडूला हाच प्रश्न चारचौघांत झेलावा लागला, आणि उत्तरावर घरची चूल अडकली होती.

सुपडू बुधवाऱ्याजवळच्या कारखान्यात पावरलूम चालवायचा. एकदा मशीनच्या पट्ट्यानं उजव्या हाताची चार बोटं खाल्ली, अंगठा तेवढा उरला. भरपाई ठरवायला डॉक्टरांचं बोर्ड बसलं. कोणीतरी विचारलं, "अब काम कैसे करोगे?" झालं! विणकराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुपडूनं खिशातलं सूत काढलं, तोडलं, आणि डावा हात नि दात लावून चुटकीसरशी गाठ मारून दाखवली. "उस्ताद हो!" म्हणत डॉक्टरांनी अपंगत्व कमी लावलं. महिन्याची भरपाई चहापाण्यापुरती, पण सुपडूची छाती फुगलेली! शेठनं त्याला सुताच्या कांड्या भरायला ठेवून घेतलं, पगार तोच, म्हणून निभावलं.

यंदा शेठनं माग भंगारात विकले. सुपडू शनवाऱ्यापर्यंतचे सगळे कारखाने फिरला. तो गाठ मारून दाखवायचा, मालक वाहवा करायचे आणि दहा बोटांचा माणूस कामावर घ्यायचे.

"बोर्डाले पुन्हा अर्ज द्या," त्याची बायको गोदाबाई म्हणाली. "काम गेलं, आता फेर तपासा म्हना."

"भीक मागू?"

"हक्काच्या पैशाले भीक म्हनता? बोटं का मी खाल्ली?"

अर्ज गेला, बोलावणं आलं. वाटेत गोदाबाईनं बजावलं, "तिथं खेळ दाखवू नका." सुपडूनं मान डोलावली. पण जुना कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "अरे, गाठवाले उस्ताद!" लगेच सुपडूचा हात खिशात. सूत दातांत जाणार, तोच दाराशी उभी गोदाबाई आत घुसली.

"डाक्टरसाहेब, सूत राहू द्या. यायच्या पायजम्याची नाडी सकाळी कोनं बांधली, ते विचारा!"

शिपाई भिंतीकडे तोंड करून हसला. सुपडूचे कान लाल.

"घरातलं इथं काहून काढते?"

"मग उद्यापासून तुमची तुम्ही बांधा!"

डॉक्टरांनी चष्मा उतरवला. "सुपडू, सच बोलो."

बायको बांधते म्हणावं तर उस्तादी गेली, मीच बांधतो म्हणावं तर भरपाई. सुपडूनं सूत गुंडाळून खिशात टाकलं.

"साहेब, सूत दातात धरता येते. नाडी दातापर्यंत येत नाही. हीच बांधते."

डॉक्टर खो खो हसले, मग गंभीर झाले. शर्टाची बटणं, पाण्याची बादली, सायकलचा ब्रेक, एकेक विचारत गेले. सुपडू या वेळी सरळ सांगत गेला. भरपाई वाढली. घर चालेल इतकी.

त्या दिवशी घरी जाताना राजघाटापर्यंत तो गोदाबाईच्या दहा पावलं पुढंच चालला. दुसऱ्या सकाळी मात्र नाडीची दोन्ही टोकं धरून मुकाट तिच्यापुढे उभा.

"बांध."

"आता का? उस्ताद ना तुम्ही!" म्हणत तिनं बांधली.

तेव्हा ऐका. तुमच्या गल्लीत कोणाचा हातपाय कामावर गेला असेल आणि आता कामही गेलं असेल, तर त्याला पुन्हा अर्ज करायला लावा. आणि बोर्डापुढे एकटा सोडू नका. घरी त्याची नाडी जे कोणी बांधत असतील, त्यांना सोबत धाडा.