मामानं सांगितलेला सिनेमा

माझ्या मामाबद्दल लोक चांगलं बोलतात. बोलोत बापडे. मला ते जमत नाही, आणि या वयात जमवून घ्यायचंही नाही.

निजामाची अमदानी होती आणि तिकडं लढाई चालू होती. कळंबला एका कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात फिरता सिनेमा उतरला. खेळ भरदुपारी, दारं लावली की आत अंधार. सिनेमा दहा-बारा वर्षांचा जुना, बोलता, गाण्यांनी भरलेला आणि जर्मन. लढाई जर्मनांशीच चाललेली, म्हणून मालकानं दवंडी दिली ती नुसती ‘विलायती खेळ’ अशी. भाषा कुणालाच कळायची नाही, तेव्हा पडद्याशेजारी छडी घेऊन गोष्ट सांगणारा माणूस हवा होता. चार वर्षं हैदराबादेत राहून आलेला, उठसूट उर्दू झाडणारा माझा मामा त्याला आयताच सापडला.

त्याच आठवड्यात माझं ठरायचं होतं. गावातल्या शाळेतली शेवटची इयत्ता मी पहिल्या नंबरानं पास झाले होते. पुढं शिकायला सोलापूरची आत्या मला घेऊन जायला तयार होती आणि वडील जवळजवळ राजी झाले होते. आडवा आला तो मामा. आमच्यात बहिणीच्या मुलीशी लग्न करायचा पहिला हक्क मामाचा. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि हक्क सोडायची त्याची तयारी नव्हती.

पुरुष पडद्याच्या पुढं बसायचे, आम्ही बायका पडद्याच्या मागं, चित्र उलट्या बाजूनं बघत. पडद्यावर एक पोरगी दुकानात हातमोजे विकायची आणि विकता विकता गायची. ती खुशीत होती, हे कळायला भाषा कशाला हवी? पण पलीकडून मामाचा आवाज आला, की ही शिकलेली पोर आहे, घरच्यांना जुमानत नाही. ती आगगाडीत चढली, तर म्हणे पळून चालली. ती हसली, तर म्हणे डोकं फिरलं.

शेवटी ती पांढराशुभ्र झगा घालून, डोक्यावर पांढरी जाळी घेऊन आली. भोवती माणसं गात होती, फुलं उधळत होती. मामा जरा थांबला. मग म्हणाला, "बघा. नवरा मेला हिचा. पांढरं नेसायची पाळी आली."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आईनं माझं मनगट धरलं. अगं, ती हसतेय, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिनं मला गप्प बसवलं. वडील पुरुषांत बसले होते. घरी येताच सोलापूर नको म्हणाले.

दोन वर्षांनी माझं लग्न मामाशीच लागलं. भाषा येत नव्हती, चुकला असेल बिचारा, अशी मी बरीच वर्षं मनाची समजूत घातली. मग त्याच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती कंपाउंडरच्या लग्नाला आम्ही गेलो. नवरी आली ती पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळी घेऊन. परतताना मी विचारलं, तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं का?

"हैदराबादला असली लग्नं लई बघितली होती म्या," तो शांतपणे म्हणाला. "ती नवरी हाय, हे ठाव होतं." थोडं चालून त्यानंच विचारलं, "तुला सोलापूरला जाऊ दिलं असतं, तर मला व्हय म्हणली असतीस का?"

"न्हाय," मी म्हणाले.

त्या उत्तराचा राग त्यानं मरेपर्यंत धरला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.