बर्फातला रुसवा

बायकोच्या तेरवीनंतर मेव्हणा मला 'सर' म्हणू लागला. मी पुलगावला कॉलेजात शिकवतो, तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. पण इतकी वर्षं आर्वीला त्याच्या घरी मी 'जवाईबुवा' होतो. ओसरीत पाय ठेवला की आतून आधी तो शब्द यायचा आणि चहा मागाहून. आता तीच नाही, तर मी त्या घराचा कोण, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

लडाखमधल्या शिखरासाठी नाव तिनं नोंदवलं होतं, स्वतःचं आणि भावाचं. मी घरी बसून डोंगरांवरची पुस्तकं वाचायची, असं ठरलं होतं. ती गेल्यावर मेव्हण्याचा फोन आला. "सर, तिच्या जागी तुमीच चला." नाही म्हणायला मला वेळेवर शब्द सुचला नाही.

मेव्हण्याचा सोयाबीनचा व्यापार. सरावासाठी त्यानं माझी पाठपिशवी सोयाबीननं भरून दिली. पिपरी मेघेतल्या माझ्या घरून रोज सकाळी मी ती घेऊन टेकडी चढायचो आणि तशीच परत आणायचो. "काऊन सर," शेजारच्या काकू फाटकातून विचारायच्या, "आजबी भाव नाई भेटला का?"

शिखराच्या दिवशी उजाडलं तेव्हा आम्ही शेवटच्या चढावर होतो. पुढे गाइड, मध्ये मी, मागे मेव्हणा, तिघंही एकाच दोराला बांधलेले. माथा समोर दिसत होता आणि मी बर्फात बसलो. दम गेला होता की मन, सांगता येत नाही. गाइड म्हणाला, इथं बसायचं नाही. उठला नाहीत तर तिघांनाही परत फिरावं लागेल. मी मान हलवली आणि बसून राहिलो.

मेव्हणा धापा टाकत वर आला. काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिला.

"रुसले का, जवाईबुवा?"

आमच्या लग्नाच्या पंगतीतही मी असाच बसलो होतो. नवरदेवानं रुसायचं आणि नवरीच्या भावानं मनवायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या काकांनी रुसायला लावलं, पण मागायचं काय ते सांगितलं नव्हतं. घाईत मी शब्दकोश मागितला. आमच्या वऱ्हाडानं माना खाली घातल्या, आणि भर उन्हात मेव्हणा तो आणायला वर्ध्याला गेला. बायको ही गोष्ट जन्मभर पाहुण्यांना सांगत राहिली.

"आता डिक्शनरी मागसान तर सांगून ठेवतो," मेव्हणा म्हणाला, "इथं दुकान नाई."

गाइडनं विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं. हमारे घर के दामाद हैं. रूठ गए हैं."

व्याकरणाकडे माझं लक्ष जातंच. त्यानं 'थे' म्हटलं नव्हतं.

"बोला, काय पायजे?"

"चहा."

"वर भेटन. उठा."

त्यानं हात पुढे केला. मी उठलो. पुढचा चढ मी कसा चढलो ते आठवत नाही. मागून मेव्हण्याचं दामटणं तेवढं आठवतं.

माथ्यावर त्यानं थर्मास उघडला. "घ्या, जवाईबुवा."

चहा पार गार झाला होता. मी मुकाट्यानं प्यालो. एकाच दिवसात दोनदा रुसायची रीत आमच्याकडे नाही.